तांब्याचा की ॲल्युमिनियमचा?

४ फेब्रुवारी

भावजी,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नका, सगळे धड आहेत. फोनच करणार होते, पण तुमच्या गॅरेजात मागे ठोकाठोकी चालू असते, तुम्ही नुसतं हां हां करता, आणि फोन ठेवल्यावर तुम्ही काय सांगितलंत ते मला आठवत नाही. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. समोर ठेवून काम करता येतं.

काम धाकटीचं आहे. धाकटी म्हणजे आमची गाडी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ‘घरात दोघीच, थोरली तू आणि धाकटी ही,’ हा तुमच्या दादांचा विनोद तुम्हीही ऐकून ऐकून कंटाळला असाल. मी तर लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कंटाळले होते. आता कोणी करत नाही तर ऐकावासा वाटतो.

ते गेल्यावर मी गाडी विकेन असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी विकली नाही. आता मी लोकांना दवाखान्यात नेते-आणते. शिंपीकाकांना आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला जावं लागतं, त्यांचा मुलगा परगावी. वरच्या आळीतल्या निवृत्त मास्तरीणबाई आहेत, त्यांचे गुडघे गेलेत. अशी चार-पाच माणसं ठरलेली. त्यावर घरभाडं निघतं आणि मी माझ्या दोन खोल्यांत राहते. माझी खिडकी, माझी किल्ली. मला एवढंच हवं आहे.

वन्सं येऊन गेल्या. तुमची ताई मायाळू आहे, मी नाही म्हणत नाही. पण जाताना म्हणाल्या, “गाडी चालतेय तोवर राहा बाई. ती बंद पडली की मी काही ऐकणार नाही, बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं.” त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. मी तिथे कशासाठी हवी आहे ते मला कळतं.

तर सांगायचं ते असं. दवाखान्याच्या चढावर गाडीचा तापमानाचा काटा वर सरकायला लागलाय. कूलंटची बाटली रिकामी झाली आहे. दुकानात गेले तर तिथल्या चष्मेवाल्याने हिरवं, लाल, निळं असं सगळं समोर मांडलं आणि विचारलं, “रेडिएटर तांब्याचा की ॲल्युमिनियमचा?” मी म्हटलं, आमच्याकडे गाडीतलं काय ते भावजींना कळतं, त्यांना विचारून सांगते.

कोणतं घालू? तुम्ही सांगाल तेच घालीन. पण आधी काही विचारून घ्यायचं असेल तर विचारा. गाडी माझ्या डोळ्यांसमोर आहे, तुमच्या नाही.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र वाचून हसू आवरेना. अहो, कूलंटसाठी पत्र! माझ्या गॅरेजात सगळ्यांना वाटलं कोर्टाचा कागद आला.

दुकानदाराला काही विचारायला जाऊ नये. माणूस एक वस्तू आणायला जातो आणि अख्खं दुकान घेऊन येतो. तांब्याचा की ॲल्युमिनियमचा म्हणे! आजकालच्या गाड्यांना ते हलकं ॲल्युमिनियम लावतात, मग त्याचे नखरे सांभाळा, त्याला अमुकच पाणी, तमुकच औषध. धाकटीचं तसलं काही नाही. तिचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, तुमच्या-माझ्यापेक्षा दणकट. मागच्या वेळी दादा आला होता तेव्हा खालच्या कोपऱ्यात बारीक गळत होतं. मीच कथील वितळवून डाख दिला. असा डाख, की रेडिएटर जाईल पण डाख जायचा नाही.

दादाच्या गाडीच्या बॉनेटखाली माझ्याशिवाय दुसऱ्याचा हात गेलेला नाही, हे लक्षात ठेवा. अहो, टायरमध्ये हवा दुसरीकडे भरली तरी तो मला येऊन सांगायचा, चोरी केल्यासारखा.

तेव्हा हिरवं घ्या. साधं, जुन्या पद्धतीचं, सगळ्यात खालच्या फळीवर असतं ते. निम्मं ते आणि निम्मं नळाचं पाणी. आतलं उरलंसुरलं काढून टाकायच्या भानगडीत पडू नका, वरून भरा आणि झाकण घट्ट लावा. तो बाटलीतलं शुद्ध पाणी गळ्यात मारायला बघेल. नाही म्हणायचं. आपण जन्मभर नळाचंच पाणी पीत आलोय.

ताईचं मनावर घेऊ नका. पण खरं सांगू का, तीही वावगं बोलत नाही. आपली माणसं असताना एकटं राहायचं म्हणजे उगाच जिवाला घोर. असो. गाडीची काळजी माझ्यावर सोडा. मी आहे ना.

तुमचा,
धाकटा


२ मार्च

भावजी,

हिरवं घातलं. तुम्ही सांगितलं तसंच, निम्मं नळाचं पाणी घालून.

पण ते आणायला जाण्याआधी झाकण उघडलं, तेव्हा आत तळाशी उरलेलं दिसलं ते लाल होतं. मी चष्मेवाल्याला सांगितलं. तो दुकानातून उठून बाहेर आला, बॉनेटखाली डोकं घालून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, हा मधला भाग पांढराफटक आहे आणि दोन्ही कडेच्या टाक्या प्लास्टिकच्या. हा ॲल्युमिनियमचा दिसतोय.” त्याचं म्हणणं, रंगावर जाऊच नका. एका कंपनीचं लाल दुसरीकडे हिरवं असतं, रंग नुसता ओळखायला घातलेला असतो. बाटलीवर ॲल्युमिनियमला चालेल असं लिहिलंय का ते बघायचं, आतलं जुनं पूर्ण काढायचं, आणि दोन जातींची सरमिसळ करायची नाही, नाहीतर आत फाटतं. मी म्हटलं, आमच्या भावजींनी हिरवं सांगितलंय. तो म्हणाला, “मग घ्या.” आणि जाऊन खुर्चीवर बसला. त्याच्या त्या ‘मग घ्या’चा मला राग आला होता. आता येत नाही.

कारण काल झाकण उघडलं तर झाकणाला आतून तपकिरी लगदा. भिजत पडलेल्या साबणाच्या वडीसारखा. बोटाला चिकटतो. काटा आता चढावरच नाही, सपाटीवरही वर जातो. कोणीतरी सांगितलं की गाडीतला हीटर लावला की इंजिन जरा निवतं, म्हणून भर उन्हात हीटर लावून मास्तरीणबाईंना घरी सोडलं. त्या म्हणाल्या, “मला पोचवतेयस की उकडतेयस?” गुडघे गेले तरी जीभ शाबूत आहे.

मी काट्याकडे बघितलं की शिंपीकाकाही मागून मान उंचावून काट्याकडे बघतात. पोचायला उशीर झाला तर त्यांची जागा दुसऱ्याला देतात, ते मग थेट तीन दिवसांनी.

भावजी, रेडिएटर तुम्हाला आठवतो तोच आहे असं धरून चालू नका. माणूस म्हणून विसरायला होतं. काही शंका असेल तर मला सरळ विचारा. मी विचारलेल्याचं उत्तर देईन.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

नमस्कार. तुमच्या चष्मेवाल्याने आधी चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा. पांढराफटक म्हणे! अहो, तो चंदेरी रंग आहे. दादाला रंगाचा नाद नव्हता का? घरातल्या खुर्च्या, दाराची कडी, पाण्याची टाकी, जे हलत नाही त्याला तो चंदेरी रंग फासायचा. रेडिएटरला फासला असेल. आणि प्लास्टिक म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण. दुकानदारांना बाटल्या विकता येतात, गाडी वाचता येत नाही.

मला आठवतं का म्हणून विचारता? मला त्या रेडिएटरचा एकेक पत्रा आठवतो. त्याने भाजल्याची खूण आहे माझ्या अंगठ्यावर.

आत लगदा झालाय तो गाळ. जुना रेडिएटर, वर्षानुवर्षांचा गंज, हिरव्याने तो सुटा केला. म्हणजे औषध लागू पडलं! आता तो बाहेर काढायचा. सोपं आहे. आतलं सगळं खालच्या नळीतून सोडून द्या. धुण्याचा सोडा घ्या, गरम पाण्यात चांगला दाट कालवा, रेडिएटरमध्ये भरा. गाडी थोडा वेळ चालू ठेवा, मग बंद करून दिवसभर तसंच राहू द्या. संध्याकाळी सोडून द्या, साध्या पाण्याने धुवा, पुन्हा हिरवं भरा. तांब्याच्या रेडिएटरला आमच्या उस्तादांनी हेच केलं, मी हेच करत आलो. बायकांच्या डोक्याला शाम्पू, तसा रेडिएटरला सोडा.

मी स्वतः आलो असतो, पण एका ट्रकचं इंजिन खोलून पसरलंय, ते टाकून निघता येत नाही. आणि एवढ्याशा कामाला येऊन करू काय?

तुमचा,
धाकटा


२४ मार्च

भावजी,

सोडा आणून ठेवलाय. अजून घातला नाही.

मला गाडीतलं कळत नाही, मान्य. पण स्वयंपाकघर मी जन्मभर केलं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोड्याचं पाणी ठेवलं की पातेलं काळं पडतं आणि हळूहळू तळाला टाचणीएवढी भोकं पडतात. नव्या सुनेलाही हे सांगावं लागत नाही. तांब्याला सोडा चालतो, ॲल्युमिनियमला नाही.

मी रेडिएटर खिळ्याने खरवडून पाहिला. रंग निघाला नाही. खाली तोच पांढरा धातू.

येत्या आठवड्यात शिंपीकाकांच्या दोन्ही खेपा आहेत आणि गाडी अशी न्यायची मला भीती वाटते. पत्र मिळताच दोन ओळी टाका. तुमच्या दोन ओळींवर माझं घर आहे, हे मी वाढवून सांगत नाही.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

घाईत लिहितोय. चांगला रंग खिळ्याने निघत नाही. पातेलं वेगळं आणि रेडिएटर वेगळा. सोडाच घाला. माझ्यावर विश्वास आहे ना? मग झालं तर.

धाकटा


१९ एप्रिल

भावजी,

घातला सोडा.

भरला तेव्हाच आतून फसफसल्यासारखा आवाज आला. संध्याकाळी खालची नळी सोडली तर पाणी काळंकरडं, फेसाळ. मी बराच वेळ बादलीकडे बघत बसले. मग तुम्ही सांगितलं तसं धुतलं, हिरवं भरलं. नंतरचे काही दिवस गाडी छान चालली. काटा मधोमध. मला माझीच लाज वाटली, की भावजी एवढ्या लांबून बरोबर सांगतात आणि आपण पातेल्याच्या गोष्टी करतो.

परवा शिंपीकाकांना दवाखान्यातून घरी आणत होते. तिथून निघाल्यावर त्यांच्यात त्राण नसतं, मागे उशीला टेकून पडलेले असतात. अर्ध्या वाटेवर काटा एकदम वर गेला. मी गाडी कडेला घेणार तेवढ्यात काटा आपोआप खाली आला, अगदी तळाला. मला वाटलं, निवली. म्हणून मी तशीच पुढे नेली. आता कळलं की काट्याला भिजायला पाणीच उरलं नव्हतं, म्हणून तो पडला होता. गाडी कोरडी जळत होती आणि मी तिला शाबास म्हणत होते.

मग एक धक्का बसला, बॉनेटखालून धूर आला आणि ती थांबली. शिंपीकाकांना रस्त्यातल्या एका भल्या माणसाने आपल्या गाडीतून घरी सोडलं. उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “तुझी काही चूक नाही.” मला ते ऐकवलं नाही.

गाडी ओढत पुलापलीकडच्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने रेडिएटर काढून उन्हात धरला. त्याची चाळण झाली आहे. इंजिनचं हेड वाकलंय, खाली तडा गेलाय. दुरुस्तीच्या भावात दुसरी गाडी येईल म्हणतो. मग त्याने मला विचारलं, “बाई, यात सोडा कोणी घातला? हा ॲल्युमिनियमचा रेडिएटर मीच बसवला होता. तुमच्या साहेबांनी बसवून घेतला.”

होय भावजी. तुमच्या दादांनी रेडिएटर बदलला होता. तुमच्याकडून आल्यावर दोन महिन्यांतच.

वन्सं रविवारी टेंपो घेऊन येताहेत.

वहिनी


२७ एप्रिल

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं.

दादाने बदलला? पुलापलीकडच्या त्या फडतूस गॅरेजात? मला न सांगता? माझा यावर विश्वास बसत नाही, आणि बसला तर मग मी इतकी वर्षं काय झक मारत होतो? मी त्याच्या गाडीचं काम करायला कधी पैसे घेतले नाहीत, कधी उद्या ये म्हटलं नाही. दुसऱ्यांच्या गाड्या बाजूला सारून त्याची आत घेतली. आणि तो माझ्याकडून निघाला तो सरळ दुसऱ्याच्या दारात?

आणि तुम्ही! तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला तांब्याचं औषध विचारत राहिलात? चष्मेवाला असं म्हणतो, खिळ्याने असं दिसतं, पातेल्याचं असं होतं. कोड्यात बोलायची हौस होती का? एक ओळ लिहायची, दादाने रेडिएटर बदललाय. एक ओळ! गाडी तुम्ही घालवलीत, वहिनी. माझं नाव मात्र मातीला मिळालं. तो पुलापलीकडचा आता गावभर सांगत फिरेल.

मला फक्त एवढं सांगा. दादाने असं का केलं? माझ्यात त्याला काय कमी दिसलं?

धाकटा


६ मे

भावजी,

तुमच्या पत्रात माझ्या घराबद्दल एक अक्षर नाही. मी दोनदा उलटून बघितलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. रविवार होऊन गेला. हे पत्र वन्संच्या घरून, त्यांच्या सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून लिहिते आहे.

का केलं ते विचारलंत, तर ऐका. तुमचा डाख गळत होता. घरी पोचायच्या आत गळायला लागला. डाख नेमक्या जागी बसलाच नव्हता, बोटभर बाजूला ओघळला होता. तुमच्या दादांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, “त्याला दिसत नाही गं आता. मी बघत होतो, तो अंदाजाने लावत होता. अंगठा भाजून घेतला तोही त्यामुळेच.” त्यानंतर दोन महिने रोज सकाळी ते रेडिएटरमध्ये पाणी भरत राहिले. मी म्हणायची, भावजींकडे परत न्या. ते म्हणायचे, “परत नेली तर त्याला कळेल. डोळे गेलेत असं कळलं तर तो हत्यार खाली ठेवेल. त्याच्याकडे दुसरं आहे काय?” शेवटी गळती आवरेना तेव्हा त्यांनी तो बदलला. मला म्हणाले, “आपणहून त्याला सांगायचं नाही. शब्द दे.” मी दिला.

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द होता. मिस्त्रीच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत मी तो मोडला नाही. पण दर पत्रात तुम्हाला म्हणत होते, विचारा. त्यांनी मला ‘आपणहून’ सांगू नको म्हटलं होतं. विचारल्यावर खोटं बोल असं म्हटलं नव्हतं. ‘वहिनी, रेडिएटर कोणी बदललाय का?’ एवढं तुम्ही विचारलं असतंत, तर मी उलट टपाली हो म्हटलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला सगळं माहीतच होतं. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावरून खाली बघतो तरी.

माझंही चुकलं, नाही असं नाही. ज्या हाताला चाळीस वर्षं पातेली कळली त्या हाताने मी सोडा ओतला, कारण घरातल्या पुरुषाने सांगितलं. त्याचा राग मला तुमच्यापेक्षा स्वतःचा जास्त येतो. पण तुमचाही येतो. पुष्कळ येतो.

वहिनी


२१ सप्टेंबर

वहिनी,

नमस्कार. मध्ये जवळजवळ पाच महिने गेले. चार वेळा लिहायला कागद घेतला आणि त्याने हात पुसले.

आता बातमी. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही. जाड चष्मा लागलाय. पहिल्या दिवशी गॅरेजात आलो आणि भिंतीवर एवढी जळमटं आहेत हे मला प्रथम कळलं. सगळे हसले. मग माझी जुनी कामं बघितली, परत आलेल्या गाड्यांची. त्यावर मात्र हसू आलं नाही.

आता गाडी आली की मी आधी विचारतो, काय काय बदललंय, कोणी बदललंय, रेडिएटर कोणता. गिऱ्हाईकाने सांगितलं तरी स्वतः वाकून बघतो. ॲल्युमिनियमचा असला तर त्याचंच कूलंट, शुद्ध पाणी, जुनं पूर्ण काढून. रंग बघत नाही, बाटली वाचतो. लोक म्हणतात, मिस्त्री फार काळजीने काम करतात. गिऱ्हाईक वाढलंय. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ते खोटं नाही.

आणि मुख्य गोष्ट. माझ्याकडे एक गाडी आली आहे. धाकटीच्याच जातीची, रंगाने निळी. मालकाने टाकून दिली होती. मी इंजिन खोलून पूर्ण केलंय. रेडिएटर नवा, ॲल्युमिनियमचा, आत लाल, जे हवं तेच. अजून ब्रेकचं काम बाकी आहे. दिवाळीची वाट न बघता पुढच्याच महिन्यात मी ती स्वतः चालवत आणून तुमच्या दारात उभी करतो. पुन्हा काम सुरू करा. शिंपीकाकांना सांगून ठेवा.

माफी मागायला मला जमत नाही. गाडी जमते. तेवढी घ्या.

तुमचा,
धाकटा


२ ऑक्टोबर

भावजी,

आशीर्वाद. डोळे बरे झाले, फार चांगलं झालं. तुमचे दादा असते तर गावभर सांगत सुटले असते. चष्मा धुळीपासून जपा.

तुमची म्हण बरोबर आहे. फक्त ठेच लागलेला पुढचा कोण, ते तुम्ही लिहायचं राहिलंत.

शिंपीकाकांना सांगता येणार नाही. माझ्यानंतर त्यांना कोणी ठरलेलं मिळालं नाही, खेपा चुकत गेल्या, आणि ते जुलैत गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं. मास्तरीणबाईंच्या मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं. माझ्या दोन खोल्यांत आता एक जोडपं राहतं. एकदाच वन्संसोबत त्या रस्त्याने गेले तेव्हा खिडकीला नवे पडदे होते, छान होते.

मी बरी आहे. वन्सं वाईट वागत नाहीत, ताट आधी माझं वाढतात. सासूबाईंना कूस बदलून द्यायला, औषध द्यायला, पुसून घ्यायला माझ्याशिवाय कोणाचा हात चालत नाही, आता त्या दुसऱ्या कोणाला हात लावूही देत नाहीत. बाहेर जायचं तर कोणाला तरी घरी बसावं लागतं, म्हणून मी जात नाही.

तुमचं पत्र आलं ते वन्संनी उघडलं होतं. इथे पत्रं उघडूनच हातात येतात, त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. सगळ्यांना वाचून दाखवलं. घरात आनंद झाला. वन्संच्या यजमानांनी गाडी कुठे उभी करायची ती जागा झाडून घेतली आहे. त्यांचा मुलगा क्लासला जाऊन चालवायला शिकतोय. सासूबाईंना दाखवायला न्यायची सोय झाली असं सगळे म्हणताहेत. मी चालवेन असं म्हणून बघितलं. वन्सं म्हणाल्या, “आता कशाला गं ती दगदग, या वयात? आणि तुझ्या हातून एक गेलीच की.”

तेव्हा भावजी, गाडी आणू नका. विका, नाहीतर कोणा चालवणारीला द्या. तुम्ही एवढ्या कष्टाने उभी केलीत, त्यात खोट नाही हे मला न बघता कळतं. पण इथे आणलीत तर ती या घरची गाडी होईल, आणि मी तिच्यात सासूबाईंच्या औषधांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसेन.

वहिनी